'धंदा आहे हा फक्त'

६ ऑक्टोबर २०१८. लास वेगासमधल्या टी-मोबाइल अरिनात तिसरी फेरी संपल्याची घंटा वाजली. पिंजऱ्यात कॉनर मॅकग्रेगर आणि खबीब नूरमागोमेदोव समोरासमोर उभे होते. दुसऱ्या फेरीत मॅकग्रेगरला खाली पाडून खबीबने त्याला बेदम ठोकलं होतं आणि ठोकताना तो त्याला म्हणत होता, आता बोल ना, आता बोलूया. तिसरी फेरी संपल्यावर मॅकग्रेगर बोलला. जवळच्या माइकने ते पकडलं. त्याचा मराठीत सरळ अर्थ असा: धंदा आहे हा फक्त.

पुढच्या फेरीत मान आवळली गेल्यावर त्याने हार मानली. पण लढतीपेक्षा मला ते वाक्य महत्त्वाचं वाटतं. २०२३च्या मे महिन्यात नेटफ्लिक्सवर 'मॅकग्रेगर फॉरेव्हर' नावाची चार भागांची मालिका आली. माझ्या मते ती मालिका म्हणजे हेच एक वाक्य ताणून केलेले चार भाग आहेत.

आधी त्याचं श्रेय त्याला देऊ. मॅकग्रेगर हा डब्लिनच्या क्रमलिन भागातला मुलगा. प्लंबरकाम शिकत होता, ते सोडलं, बेकारी भत्त्यावर दिवस काढले. २०१३मध्ये यूएफसीत आला. डिसेंबर २०१५मध्ये जोझे आल्दोला, जो वर्षानुवर्षं हरला नव्हता, त्याने १३ सेकंदांत झोपवलं. पुढच्या वर्षी एडी अल्वारेझला हरवून एकाच वेळी दोन वजनगटांचे पट्टे मिळवणारा यूएफसीतला तो पहिला लढवय्या ठरला. ही मेहनत खोटी नाही. गरीब वस्तीतला पोरगा स्वतःच्या हातांच्या बळावर वर येतो, ही गोष्ट कुणालाही आवडते. मलाही आवडते.

प्रश्न त्यानंतरचा आहे. मालिकेने निवडलेला काळ पाहा. जानेवारी २०२०मध्ये डोनाल्ड सेरोनला ४० सेकंदांत हरवणं, मग २०२१मध्ये डस्टिन पोरियरकडून दोन पराभव, दुसऱ्या पराभवात मोडलेलं पायाचं हाड, शस्त्रक्रिया, पुन्हा उभं राहण्याची धडपड, मध्ये मध्ये घर, जोडीदारीण, मुलंबाळं. म्हणजे गोष्टीचा कणा आहे मोडलेला पाय. एक माणूस पडला, आता तो उठतो का ते पाहा. कॅमेरा सतत त्याच्या खांद्यावरून जगाकडे बघतो. ज्याच्या खांद्यावरून बघायचं, त्याच्याबद्दल आपोआप माया वाटू लागते. समोर जे कोणी येतात ते त्याच्या प्रवासातले दगड. दगडांना आईबाप नसतात, धर्म नसतो, बायको नसते.

आता खबीब कोण होता आणि त्याच्याशी काय बोललं गेलं ते आठवा.

सप्टेंबर २०१८मध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये दोघांची पत्रकार परिषद झाली. मॅकग्रेगरने तेव्हाच स्वतःची व्हिस्की बाजारात आणली होती. व्यासपीठावर त्याने खबीबपुढे ग्लास धरला. खबीब म्हणाला, मी पीत नाही. त्यावर त्याला मागासलेला म्हणून अर्वाच्य शिवी मिळाली. त्याच्या बापाला भेकड म्हटलं गेलं. त्याच्या मॅनेजरला, जो मूळचा इजिप्तचा मुसलमान आहे, दहशतवाद्यांच्या रांगेत बसवलं गेलं. २०१९च्या एप्रिलमध्ये मॅकग्रेगरने खबीबच्या लग्नातला फोटो ट्विटरवर टाकला आणि चेहरा झाकलेल्या नवरीला टॉवेलची उपमा दिली. नंतर ते काढून टाकलं. काढून टाकायला उशीरच झाला, कारण तोवर जगभरच्या मुसलमान मुलींनी ते वाचलं होतं. यूएफसीचे प्रमुख डेना व्हाइट यांनाही ते अस्वीकारार्ह म्हणावं लागलं.

याला इंग्रजीत 'ट्रॅश टॉक' म्हणतात. आपल्याकडचे समालोचक 'मानसिक युद्ध' म्हणतात. प्रतिस्पर्ध्याचं डोकं फिरवायचं, तो चिडला की चुकतो, असा हा सिद्धांत. ठीक आहे. मग प्रतिस्पर्ध्याच्या ठोशाची टर उडवा. दमछाक होते म्हणा, गेल्या वेळी कसा पळालास ते सांगा. मॅकग्रेगरच्या तोंडून निघालेल्या गाजलेल्या वाक्यांची यादी काढली तर वेगळंच दिसतं. आल्दो ब्राझीलचा, तर त्याच्या फवेलावर, म्हणजे तिथल्या झोपडवस्तीवर, घोड्यावरून चालून जाईन आणि जे कामाला धड नाहीत त्यांना मारून टाकीन, अशी भाषा. फ्लॉइड मेवेदर काळा, तर २०१७च्या प्रचारदौऱ्यात त्याला 'पोऱ्या, नाच माझ्यासाठी' म्हणणं. अमेरिकेत गोऱ्या माणसाने काळ्या प्रौढाला 'पोऱ्या' म्हणण्याचा अर्थ काय असतो, हे दलित वस्तीत 'ए' म्हणून हाक मारली गेलेल्या आपल्याकडच्या कुठल्याही म्हाताऱ्याला समजावून सांगायची गरज नाही. आणि खबीब मुसलमान, तर दारू, दाढी, बाप, बुरखा. तिन्ही वेळा नेम ठोशावर नाही, जन्मावर आहे. हे डोकं फिरवण्याचं तंत्र असेल तर ते फार जुनं तंत्र आहे, आणि ते शोधणारे पिंजऱ्यात कधी उतरले नव्हते.

आणि हे सगळं 'धंदा आहे' म्हणून माफ. कुणाचा धंदा?

एप्रिल २०१८मध्ये ब्रुकलिनला काय झालं ते पाहा. आदल्या दिवसांत खबीबने हॉटेलात मॅकग्रेगरचा मित्र आर्तेम लोबोव याला गाठून, मानेवर हात टाकून जाब विचारला होता. ती दादागिरीच होती, तिचं समर्थन नको. त्यावर मॅकग्रेगर माणसं घेऊन आला आणि लढवय्यांनी भरलेल्या बसवर सामान वाहायची लोखंडी ट्रॉली फेकली. काच फुटली. मायकल चीसाला जखमा झाल्या, रे बोर्गच्या डोळ्यात काचेचे कण गेले. दोघांच्याही त्या आठवड्यातल्या लढती रद्द झाल्या. या खेळात लढत रद्द म्हणजे महिनोन्‌महिन्यांची तयारी पाण्यात. डेना व्हाइट यांनी त्या दिवशी ही कंपनीच्या इतिहासातली सगळ्यात किळसवाणी गोष्ट असल्याचं सांगितलं. न्यायालयात मॅकग्रेगरने बेशिस्त वर्तनाचा गुन्हा कबूल केला. पाच दिवसांची समाजसेवा आणि राग आवरण्याचा वर्ग एवढ्यावर सुटला. मग काही महिन्यांनी खबीबबरोबरची लढत जाहीर झाली आणि त्याच किळसवाण्या गोष्टीची चित्रफीत लढतीच्या जाहिरातीत झळकली. घरबसल्या पैसे मोजून ती लढत पाहणाऱ्यांचा आकडा सुमारे २४ लाख खरेद्यांवर गेला. यूएफसीत तोवर एवढी विक्री कधी झाली नव्हती.

बसमधल्या दोघांवर कुणी चार भागांची मालिका काढली नाही.

२०२१मध्ये फोर्ब्जने जगातला सर्वाधिक कमाई करणारा खेळाडू म्हणून मॅकग्रेगरचं नाव छापलं. १८ कोटी डॉलर. त्यातले १५ कोटींहून अधिक पिंजऱ्याबाहेरचे, मुख्यतः तीच व्हिस्की विकून आलेले. म्हणजे त्या पत्रकार परिषदेत खबीबपुढे धरलेला ग्लास ही जाहिरात होती, आणि एका मुसलमानाने तो नाकारणं हा त्या जाहिरातीचा सगळ्यात किमती क्षण होता. दुसरीकडे याच खेळातल्या शेकडो लढवय्यांनी आपल्याला उत्पन्नातला वाजवी वाटा मिळत नाही म्हणून कंपनीवर दावा लावला, वर्षानुवर्षं भांडले, आणि शेवटी साडेसदतीस कोटी डॉलरवर तडजोड झाली. खेळातल्या पैशाबद्दल मालिका काढायचीच असेल तर विषय तो आहे. पण त्यात नौका आणि सूट नाहीत.

इथे माझे काही मित्र म्हणतील, मग मुहम्मद अलीचं काय? तोही बोलायचाच की.

हा प्रश्न टाळून चालणार नाही, आणि आपल्यापैकी अनेकजण तो टाळतात. अली आपला म्हणून त्याचं सगळं काव्य आणि मॅकग्रेगरचं सगळं विष, असं नाही. जो फ्रेझरला अलीने 'गोऱ्यांचा गुलाम' म्हटलं, गोरिला म्हटलं, १९७५च्या मनिला लढतीआधी रबरी गोरिला खिशातून काढून पत्रकारांसमोर बडवला. हा तोच फ्रेझर, ज्याने अलीवर बंदी असताना त्याला पैशाची मदत केली होती आणि परवाना परत मिळावा म्हणून शब्द टाकला होता. फ्रेझरच्या मुलांना शाळेत त्यावरून चिडवलं गेलं. तो ते मरेपर्यंत विसरला नाही. अलीने २००१मध्ये वृत्तपत्रातून माफी मागितली, पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर. व्हिएतनामला जायला नकार देऊन तुरुंगाची तयारी दाखवणारा अली मोठाच होता. पण फ्रेझरशी तो जे वागला ते चूक होतं आणि तो मुसलमान होता म्हणून ते कमी चूक होत नाही.

आणि याच प्रकरणात माहितीपट काय करू शकतो, तेही दिसतं. २००८मध्ये 'थ्रिला इन मनिला' नावाचा माहितीपट आला. तो फ्रेझरच्या बाजूने बघतो. तेव्हा म्हातारा फ्रेझर फिलाडेल्फियात आपल्या व्यायामशाळेच्या वरच्या खोलीत राहत होता. जगाने ज्याला देव केलं त्याच्या शब्दांनी दुसऱ्या माणसाचं काय झालं, हे त्या माहितीपटाने हरलेल्याला जाऊन विचारलं. त्याने अलीचे चाहते दुखावले असतील. माझ्या मते त्यांना दुखावण्याची हिंमत नसेल तर हातात कॅमेरा घेऊ नये.

आता खेळाडूंवरच्या मालिकांची लाट आहे आणि बहुतेक ठिकाणी खेळाडूच यजमान असतो. २०२०च्या 'द लास्ट डान्स'मध्ये मायकल जॉर्डनची कंपनी निर्मितीत भागीदार होती. ज्येष्ठ माहितीपटकार केन बर्न्स यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला होता. यजमानाच्या घरी जेवायला बसल्यावर आमटी खारट आहे असं कोण म्हणणार? घरात, जिममध्ये, शस्त्रक्रियेनंतरच्या खोलीत कॅमेरा नेऊ दिला जातो तो फुकट नाही. त्याची किंमत म्हणजे न विचारलेले प्रश्न.

असा एक प्रश्न डब्लिनमध्येच होता. डिसेंबर २०१८मध्ये एका हॉटेलात आपल्यावर लैंगिक अत्याचार झाला, अशी तक्रार एका स्त्रीने केली. फौजदारी खटला उभा राहिला नाही. तिने दिवाणी दावा लावला, तोही मालिका येण्याच्या दोन वर्षं आधी. मॅकग्रेगरने आरोप नाकारला, जे झालं ते संमतीने झालं असं सांगितलं. नोव्हेंबर २०२४मध्ये ज्युरीने तिच्या बाजूने कौल दिला आणि जवळपास अडीच लाख युरोंची भरपाई ठरवली. जुलै २०२५मध्ये त्याचं अपीलही फेटाळलं गेलं. कौल लागताच व्हिस्कीच्या कंपनीने त्याचं नाव आणि चेहरा वापरणं बंद करत असल्याचं जाहीर केलं, आयर्लंडमधल्या मोठ्या दुकानांनी त्याच्याशी जोडलेला माल फडताळांवरून उतरवला. व्हिस्की विकणाऱ्यांनाही शेवटी काही गोष्टी धंद्यात बसत नाहीत हे कळलं. २०२३ सालची सगळी करुणा मात्र त्या मोडलेल्या हाडाला मिळाली.

जे 'नाटक' म्हणून खपवलं गेलं त्याचं पुढे काय झालं, तेही सांगतो. मालिका आल्यानंतर सहा महिन्यांनी, २२ नोव्हेंबर २०२३ रोजी, मॅकग्रेगरने आयर्लंड युद्धात आहे असं ट्विटरवर लिहिलं. रोख स्थलांतरितांवर होता. दुसऱ्या दिवशी डब्लिनमध्ये शाळेबाहेर लहान मुलांवर चाकूहल्ला झाला आणि संध्याकाळी स्थलांतरितांविरोधात दंगल पेटली. बस आणि पोलिसांच्या गाड्या जळल्या. त्याच्या एका ओळीने दंगल झाली असं मी म्हणत नाही, दंगली तेवढ्या सोप्या नसतात. पण मार्च २०२५मध्ये सेंट पॅट्रिक दिनाला तोच माणूस व्हाइट हाउसमध्ये उभा राहून स्थलांतरितांमुळे आयर्लंड हातचा जातोय असं सांगत होता. फवेला, 'पोऱ्या', टॉवेल ही भाषा ज्याच्या तोंडी रुळलेली होती, त्याला राजकारणाची भाषा नव्याने शिकावी लागली नाही. आपणच तिला मनोरंजन म्हणत होतो.

आता घरचं बोलू. कारण आपल्या मोहल्ल्यातल्या पोरांच्या मोबाइलमध्ये चार भागांची मालिका नाही, पंधरा सेकंदांचं रील आहे. त्यात खबीब कुंपणावरून उडी मारतो, खाली नशीद लावलेलं असतं आणि वर लिहिलेलं असतं की दीनचा अपमान करणाऱ्याला असं उत्तर द्यायचं. लाखो लाइक. मला ते रील मॅकग्रेगरच्या मालिकेइतकंच खोटं वाटतं.

काय झालं होतं ते नीट पाहा. लढत संपली होती, मॅकग्रेगर हरला होता. खबीबने उडी मारली ती मॅकग्रेगरवर नाही, बाहेर बसलेल्या त्याच्या साथीदारावर. तोवर पिंजऱ्यात खबीबच्या गटातले दोघे चढले आणि दमलेल्या, हरलेल्या माणसावर हात उचलला. एकाने तर मागून. यात कुठला दीन आला? खबीबने स्वतः त्याच रात्री क्रीडा आयोगाची माफी मागितली. हेही विचारलं, आणि बरोबर विचारलं, की माझ्या धर्माबद्दल, देशाबद्दल, बापाबद्दल इतके दिवस बोललं गेलं त्यावर कुणी काही का म्हणत नाही? आयोगाने त्याला पाच लाख डॉलर दंड आणि नऊ महिन्यांची बंदी दिली. मॅकग्रेगरला पन्नास हजार आणि सहा महिने. तोंडाने केलेल्याचा हिशेब हाताने केलेल्यापेक्षा नेहमीच स्वस्तात लागतो.

पण मला खरा माणूस वाटतो तो खबीबचा बाप, अब्दुलमनाप. तोच त्याचा प्रशिक्षक. दागेस्तानच्या डोंगरी गावात, घरातल्याच व्यायामशाळेत त्याने पोरांना तयार केलं. आपल्याकडे कोल्हापूरच्या तालमीत वस्ताद जो असतो, तोच हा माणूस. तालमीत कुस्तीआधी हातसलामी असते, हरलेल्याला उठवायचं असतं, आणि पठ्ठ्याने आखाड्याबाहेर हात उचलला तर पहिली थोबाडीत वस्तादाची बसते. जगभरचे मुसलमान खबीबच्या उडीवर टाळ्या पिटत होते तेव्हा हा बाप जाहीरपणे म्हणाला की यूएफसी काय करायचं ते करो, माझी शिक्षा त्याहून कडक असेल, शिस्त पहिली. काही दिवसांनी पुतिन यांनी बापलेकांना बोलावलं आणि मुलाला फार कडक शिक्षा करू नका, मी सांगतो, म्हणाले. एका राष्ट्राध्यक्षाला ती उडी उपयोगाची वाटली, एका वस्तादाला लाजेची. आपण कुणाच्या रांगेत बसलो?

खबीब फरिश्ता नाही. २०१९मध्ये माखचकलातल्या एका नाटकावर त्याने अश्लील म्हणून तोंडसुख घेतलं आणि नाटकवाल्यांना धमक्या आल्या. प्रसिद्ध माणसाच्या तोंडाला किती धार असते, हे त्यालाही कळायला हवं होतं. त्याला वीर करून भिंतीवर लावणाऱ्यांनी तेवढंही सोबत लिहावं.

३ जुलै २०२० रोजी कोविडनंतरच्या गुंतागुंतीतून अब्दुलमनाप गेले. मॅकग्रेगरने जाहीर शोक व्यक्त केला, चांगल्या शब्दांत. मला तेव्हा खरंच बरं वाटलं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अबू धाबीत खबीब जिंकला, पिंजऱ्याच्या मधोमध बसून रडला आणि बाप नसताना लढणार नाही म्हणून निवृत्त झाला, २९ लढती, एकही हार नाही. जुलै २०२१मध्ये मॅकग्रेगरचा पाय मोडला. जमिनीवर पडल्या पडल्या तो पोरियरच्या बायकोबद्दल घाणेरडं ओरडत होता. खबीबने ट्विटरवर लिहिलं की चांगलं नेहमी वाईटावर मात करतं. त्यालाही गप्प राहता आलं असतं. मॅकग्रेगरने उत्तर दिलं: मग कोविड चांगला आणि बाप वाईट का? हेही नंतर काढून टाकलं.

त्या दिवशी समोर लढत नव्हती, तिकिटं विकायची नव्हती, खबीब खेळ सोडून गेला होता. धंदा नव्हताच काही.